ताण माणसात किती, कामात किती

सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत परळला गिरणी कामगारांची सभा भरली. पुढाकार नारायण मेघाजी लोखंडे यांचा होता. कारखान्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगापुढे या कामगारांचा जो अर्ज गेला, त्यावर साडेपाच हजार सह्या होत्या. रविवारी सुट्टी असावी; दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी; काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं; मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हाती पडावा; आणि यंत्रात सापडून जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार चालू राहावा. एवढंच मागणं होतं. त्यातली रविवारची सुट्टी मिळायला जवळजवळ सहा वर्षं गेली. गिरणीमालकांच्या संघटनेने ती मान्य केली १० जून १८९० रोजी.

कामाच्या ताणावरच्या पुस्तकाची प्रस्तावना इतक्या मागून का सुरू करतो आहे, असं वाचकाला वाटेल. त्या मागण्या एकदा पुन्हा वाचा. त्यांत कामगाराच्या स्वभावाबद्दल चकार शब्द नाही. आम्हाला मन शांत ठेवायला शिकवा, असं त्या साडेपाच हजारांतल्या कुणी म्हटलं नव्हतं. वेळ, विसावा, पैशाची खात्री आणि पडझड झाली तर आधार, एवढंच त्यांनी मागितलं. आज मात्र ताणाचा विषय निघाला रे निघाला की सगळ्यांचं बोट माणसाकडे वळतं. तुमचा दृष्टिकोन बदला, सकारात्मक राहा, पहाटे उठा, मोबाइल बाजूला ठेवा, प्राणायाम करा. सल्ले वाईट नाहीत, पण त्यांत काम कुठेच नसतं.

पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असतील त्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमावा, असं १९४८ चा कारखाना कायदा सांगत असे. त्या एका कलमावर माझं पोट चाललं. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात नोकरी केली आणि तिथेच निवृत्त झालो. आमच्याकडे दरवर्षी 'स्ट्रेस मॅनेजमेंट'चं सत्र व्हायचं. वक्ते बाहेरून यायचे, प्रोजेक्टर लागायचा, समुद्रकिनाऱ्याची चित्रं दिसायची. एका वर्षी तिसऱ्या पाळीच्या लोकांना सकाळी सात वाजता, रात्रभर काम करून झाल्यावर, हॉलमध्ये बसवलं. वक्त्यांनी डोळे मिटायला सांगितलं आणि पाचव्या मिनिटाला मागच्या दोन रांगा घोरायला लागल्या. वक्ते खूश. इतक्या लवकर शिथिल होणारा गट त्यांनी पाहिला नव्हता म्हणे.

हसण्यावारी न्यायचं तर गोष्ट इथेच संपते. पण त्या हॉलमध्ये ताणावरचा खरा इलाज एकच होता आणि तो लोकांनी आपणहून शोधला होता. त्यांना झोप हवी होती.

ताणाचं शरीरशास्त्र या पुस्तकात नीट आलं आहे, म्हणून मी थोडक्यात सांगतो. संकट दिसलं की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं, ही मांडणी अमेरिकेतल्या वॉल्टर कॅननची, १९१५ च्या सुमाराची. अॅड्रेनलिन वाढतं, काळीज धडधडतं, रक्त स्नायूंकडे वळतं, पचन थांबतं. १९३६ साली हान्स सेली यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की कारणं वेगवेगळी असली तरी, मारा चालूच राहिला तर शरीर एकाच ठरावीक रीतीने प्रतिसाद देतं, झुंजतं आणि शेवटी थकतं. गल्लीत कुत्रा मागे लागला तर ही सगळी यंत्रणा दोन मिनिटांत आपलं काम करून शांत होते. महिनाअखेरीचं टार्गेट मागे लागलं की ती शांत होत नाही, कारण ते संपलं की पुढच्या महिन्याचं लागतं. रक्तदाब, आम्लपित्त, उडालेली झोप, लेकरांवर निघणारा राग, सगळं या न थांबणाऱ्या तयारीतून येतं.

पण एवढ्यावर थांबलं तर पुन्हा शरीरच दोषी ठरतं. खरा प्रश्न पुढचा आहे. तेवढंच काम करणाऱ्या दोघांतला एक आजारी पडतो आणि दुसरा पडत नाही, हे का?

याचं उत्तर शोधणारं एक मोठं काम लंडनमध्ये झालं, तेही सरकारी कचेऱ्यांत. १९६७ पासून ब्रिटिश सरकारी नोकरांची पाहणी सुरू झाली. ज्या रस्त्यावर ही खाती आहेत त्यावरून तिला व्हाइटहॉल अभ्यास म्हणतात. मायकल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाती जे आलं ते तोवरच्या समजुतीला धक्का देणारं होतं. हृदयविकार म्हणजे साहेबलोकांचा आजार, मोठी जबाबदारी म्हणजे मोठा झटका, असं सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांत सर्वांत वरच्यांच्या सुमारे तिप्पट निघालं. विडी-सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वजा केला तरी फरक उरलाच. १९८५ मध्ये दुसरा अभ्यास सुरू झाला, त्यात स्त्रियाही होत्या. त्यातून एक धागा स्पष्ट झाला. आपल्या कामावर आपला ताबा किती, काय आधी करायचं, कसं करायचं, कधी थांबायचं हे ठरवायची मुभा किती, यावर हृदयाची तब्येत बरीचशी अवलंबून असते. अमेरिकेत रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच हे सूत्र मांडलं होतं. कामाची मागणी जास्त आणि ताबा कमी, अशी जोडी जमली की माणूस पिचतो. मागणी जास्त पण ताबाही जास्त असेल तर तोच माणूस तरारून उठतो.

इंग्रज कारकुनांचं राहू द्या, आमच्या असेंब्ली लाइनवरचं सांगतो. चालत्या लाइनवरचा माणूस आपली जागा सोडू शकत नाही. लघवीला जायचं असेल तरी रिलीव्हर यावा लागतो. रिलीव्हर म्हणजे सगळ्या स्टेशनांवरचं काम येणारा जादाचा माणूस. तो आला की जायचं. तो तीन स्टेशनं पलीकडे अडकला असेल तर हात वर करून उभं राहायचं, सुपरवायझरची नजर पडेपर्यंत. सुपरवायझर म्हणणार, 'आत्ताच तर टी-ब्रेक झाला.' पन्नाशीचा, मधुमेह असलेला, घरी नातवंडं असलेला माणूस वर्गातल्या पोरासारखा हात वर करून उभा असतो. आमच्याकडे बरेच जण पाळीत पाणीच कमी प्यायचे. तक्रारपेटीत या विषयाची चिठ्ठी कधी निघाली नाही, कारण असलं कागदावर कोण लिहिणार? माझ्या कानावर आलं ते कँटीनमध्ये, तेही चेष्टेच्या सुरात.

पुढे एका सुपरवायझरने, त्याचं डोकं ठिकाणावर होतं म्हणून, रिलीव्हर कुणाकडे कधी जाणार हे ठरवायचं काम लाइनवरच्या माणसांवरच सोपवलं. खांबाला एक पाटी टांगली आणि खडू ठेवला. ज्याला जायचं त्याने आपल्या स्टेशनचा नंबर लिहायचा. मधुमेहवाल्यांना दोन जादा फेऱ्या द्यायच्या हे त्यांनी आपसांतच ठरवलं. रिलीव्हर एकच होता, तो एकच राहिला. लाइनचा वेग तसूभर कमी झाला नाही. पण हात वर करून उभं राहणं गेलं, आणि त्या लाइनवरची कुरबूर निम्म्याने कमी झाल्याचं तिथल्या युनियनवाल्यांनीच मला सांगितलं. खर्च विचाराल तर एक पाटी आणि खडूचा डबा.

ताब्याच्या जोडीला दुसरी गोष्ट येते ती मोबदल्याची. योहानेस सीग्रिस्ट या जर्मनीतल्या समाजशास्त्रज्ञाने दाखवलं की घातलेले कष्ट आणि परत मिळणारं माप यांत सतत तफावत राहिली तर तीच शरीराला पोखरते. माप म्हणजे पगार, मान आणि उद्याची खात्री, तिन्ही. हे समजायला परदेशी जायची गरज नाही. कुठल्याही कारखान्यात एकाच लाइनवर दोन रंगांचे गणवेश दिसतील. एक कायम कामगारांचा, दुसरा कंत्राटींचा. नट तोच आवळायचा, वेग तोच. पगारात मात्र जमीन-अस्मानाचा फरक, आणि कंत्राटीवाल्याला पुढच्या महिन्यात गेटवर आपलं नाव असेल की नाही हे ठाऊक नसतं. त्याला श्वासाचे व्यायाम शिकवायला मला नेहमीच लाज वाटत आली आहे.

तासांची चर्चा अलीकडे फार झाली. तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, असं नारायण मूर्ती २०२३ मध्ये म्हणाले आणि देशभर वाद पेटला. मग ९० तासांची भाषाही ऐकू आली. त्या वादात एक आकडा फारसा कुणी घेतला नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्रित अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. एकट्या २०१६ या वर्षात जगभरात अशा लांबलेल्या तासांपायी सुमारे ७ लाख ४५ हजार माणसं गेली. जपानने या मरणाला 'करोशी' असं नाव देऊन २०१४ मध्ये त्याच्या प्रतिबंधाचा कायदा केला. आपल्याकडे असं मरण 'अचानक अॅटॅक आला' या तीन शब्दांत संपतं.

मात्र नुसते तास मोजूनही भागत नाही. याला आपल्याच गल्लीतला पुरावा आहे. गणपती मंडळाचा कार्यकर्ता दहा दिवस अठरा-अठरा तास राबतो. मांडव, वर्गणी, परवानग्या, आरास, ध्वनिक्षेपकाचा वाद, विसर्जनाच्या रात्री तर डोळ्याला डोळा नाही. त्याला कुणी पगार देत नाही. तरी अकराव्या दिवशी तो घसा बसलेला पण खुशीत असतो. काम त्याने स्वतः निवडलेलं असतं, दोस्तमंडळी खांद्याला खांदा लावून असतात, वस्तीत नाव होतं, आणि मुख्य म्हणजे ते अनंत चतुर्दशीला संपतं. हाच मुलगा दुसऱ्या दिवशी कॉल सेंटरमध्ये नऊ तास बसून अर्धमेला होऊन घरी येतो. तिथे बोलायची वाक्यं ठरलेली, बाथरूमला गेलेली मिनिटं संगणकात नोंदलेली, समोरून शिव्या, आणि कामाला चतुर्दशी नाहीच.

कामाची रचना बदलली की काय होतं याचं सार्वजनिक उदाहरण मुंबई पोलिसांचं आहे. पोलिस शिपायाची ड्युटी बारा तासांची, बंदोबस्त लागला की त्याहून मोठी, त्यात कल्याण-बदलापूरहून येण्या-जाण्याचे तीन-चार तास. मे २०१६ मध्ये, दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना, देवनार पोलिस ठाण्यात आठ तासांच्या तीन पाळ्यांचा प्रयोग सुरू झाला आणि मग तो इतर ठाण्यांत नेण्यात आला. मला यात सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे की या पाळ्यांचा आराखडा त्याच ठाण्यातल्या एका शिपायाने मांडला होता. जो बारा तास उभा राहतो त्यालाच तक्ता कसा लावायचा हे ठाऊक असतं. अशी व्यवस्था टिकवणं सोपं नाही. मनुष्यबळ कमी पडलं, सण-निवडणुका आल्या की पहिला घाला आठ तासांवरच पडतो. पण ती अशक्य नाही, एवढं देवनारने दाखवलं.

नोकरदार बायकांच्या ताणावर लेखिकेने स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे आणि ते पुस्तकातलं सर्वोत्तम आहे. मी फक्त एक जोडतो. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली मार्गावर पहिली महिला विशेष लोकल धावली. त्या डब्यांत संध्याकाळी मेथी निवडणाऱ्या, मटार सोलणाऱ्या बायकांचं कौतुक वर्तमानपत्रांनी पुष्कळ केलं. मला त्या चित्रात कौतुकापेक्षा हिशेब दिसतो. सुटलेली एक पाळी आणि सुरू व्हायची दुसरी पाळी यांच्यामध्ये जेवढी मिनिटं होती, तीही भाजीत गेली. अशा बाईला 'स्वतःसाठी रोज अर्धा तास काढा' हा सल्ला देताना तो अर्धा तास घरातल्या कुणाच्या वेळातून येणार, तेही सांगायला हवं. या पुस्तकात नवऱ्यासाठी दोन पानं आहेत. ती त्याने स्वतः वाचावीत, बायकोने वाचून दाखवू नयेत.

आणि आता फोन. पूर्वी कारखान्याचा भोंगा झाला की काम संपायचं. आता रात्री पावणेअकराला ग्रुपवर संदेश येतो, 'उद्या सकाळी नऊला रिव्ह्यू, सगळ्यांनी आकडे तयार ठेवा.' त्याखाली 'नोटेड सर', 'येस सर', 'ओके सर' अशी रांग लागते, मधूनमधून अंगठे. ज्याचं उत्तर आलेलं नसतं त्याचं नाव घेऊन सव्वाअकराला दुसरा संदेश. घरात मूल झोपलेलं, बायको दिवा मालवायला थांबलेली, आणि हा बिछान्यात बसून मागच्या आठवड्याचे आकडे शोधतो आहे. खरं सांगायचं तर त्या साहेबालाही रात्री आकडे नको असतात. वरच्या साहेबाने विचारलंच तर, ही भीती तो खाली ढकलत असतो. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून दूर राहण्याच्या हक्काला कायद्याचं पाठबळ आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस लोकसभेत अशाच आशयाचं खासगी विधेयक मांडलं. त्याचा कायदा झाला नाही. पण ग्रुपचा अॅडमिन असलेल्या माणसाला कायद्याची वाट बघायची गरज नाही. रात्री आठनंतर ग्रुप बंद ठेवायची सोय फोनमध्येच आहे.

एका बाबतीत माझं लेखिकेशी पटत नव्हतं. झोप, श्वास, व्यायाम, रोजनिशी यांवर तिने चार प्रकरणं खर्च केली आहेत. हस्तलिखित वाचून मी तिला म्हटलं, हे जरा जास्त होतंय, पुन्हा सगळा भार एकट्या माणसावरच पडतो. ती म्हणाली, 'काका, माझा वाचक उद्या सकाळी कंपनी बदलू शकत नाही. पण आज रात्री नीट झोपू शकतो.' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ती चारही प्रकरणं जशीच्या तशी राहिली. त्यांत भाबडेपणा नाही हे मात्र मी खात्रीने सांगतो. श्वास आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावला की धडधड का मंदावते, हे तिने नसांच्या भाषेत समजावलं आहे. रात्रपाळी करणाऱ्याने दिवसा खोली काळोखी का ठेवावी, घरच्यांनी त्या वेळी मिक्सर का लावू नये, तेही आहे. दोन पेग घेतले की झोप चटकन लागते, पण ती उथळ असते आणि पहाटे मोडते, हे तिने उपदेश न करता लिहिलं आहे, हे मला विशेष आवडलं. आमच्या पाळीवाल्यांना उपदेश कधी पोचला नाही.

एक सीमारेषाही तिने आखली आहे. कामाने आलेला थकवा, कामाबद्दल वाटणारा उबग आणि आपल्या हातून काहीच धड होत नाही ही भावना, यांना मिळून जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत 'बर्नआउट' म्हणून नोंदवलं आहे, पण कामाशी निगडित स्थिती म्हणून. आजार म्हणून नाही. नैराश्य हा मात्र आजार आहे. दोन आठवडे मन उदास, कशातच रस नाही, भूक-झोप उडालेली, रविवारीही तीच अवस्था, असं असेल तर पुस्तक मिटून डॉक्टरांकडे जावं. जगण्याचा कंटाळा आल्याचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नये. केंद्र सरकारची टेलिमानस ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. माझ्या नोकरीच्या काळात असा क्रमांक नव्हता. माणसं देवर्षीकडे जायची, नाहीतर गुत्त्यावर.

पुस्तक कसं वाचावं याबद्दल थोडं. नोकरदाराने झोपेच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, साहेबाने फोनच्या. ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत त्यांच्यासाठी शेवटी एक तक्ता दिला आहे. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याने २००४ मध्ये कामाच्या ताणाची सहा मुळं ठरवली: कामाची मागणी, ताबा, आधार, आपसांतले संबंध, आपली नेमकी भूमिका आणि होणारे बदल. त्या सहांवर आपल्याकडच्या कारखान्यांना आणि कचेऱ्यांना लागू पडतील असे प्रश्न लेखिकेने तयार केले आहेत. तक्ता भरून घेताना नाव लिहायला लावू नका. भरलेले कागद त्या विभागाच्या सुपरवायझरच्या हाती देऊ नका. आणि विभागात आठ-दहाच माणसं असतील तर तक्त्याच्या भानगडीतच पडू नका, अक्षरावरून कोण ते कळतंच. तिथे चहा मागवावा, दार लोटून घ्यावं आणि सरळ विचारावं. पहिल्या दिवशी कुणी बोलणार नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही चहा मागवावा लागेल, त्याची तयारी ठेवावी.